पत्ते संपले, तरी बिऱ्हाड हलले नाही : आयपीव्ही६ च्या तीस वर्षांचा हिशेब

१/
आपले धागे बहुधा किल्ले, तह आणि लढाया यांभोवती विणलेले असतात. आजचा धागा एका संख्येविषयी आहे : ४,२९,४९,६७,२९६. इंटरनेटच्या मूळ पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण एवढेच पत्ते असू शकतात. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. तोडगा म्हणून आखलेली नवी पद्धत, आयपीव्ही६, १९९५ पासून लेखी तयार आहे. तरीही गूगलकडे येणाऱ्या वापरकर्त्यांपैकी निम्म्यांच्या आसपासच लोक आज नव्या वाटेने पोहोचतात. असे का झाले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहू.

२/
या विलंबाची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. पहिले : मूळ रचनाकार अदूरदर्शी होते, त्यांनी पत्ते कमी ठेवले. दुसरे : आयपीव्ही६ चे रचनाकार हटवादी होते, त्यांनी नवी पद्धत जुन्याशी जुळती ठेवली नाही. माझ्या मते ही दोन्ही स्पष्टीकरणे पुराव्यापुढे टिकत नाहीत. खरी चूक हिशेबाची होती. स्थलांतराचा खर्च कोणी आणि केव्हा उचलायचा, हे कोणीच ठरवले नाही. आता पुराव्याकडे वळतो.

३/
प्रथम ‘अदूरदर्शी’ हा आरोप तपासू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्पानेटवर सुरुवातीला यंत्राचा पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता. म्हणजे जास्तीत जास्त २५६ यंत्रे. १९७७ च्या सुमारास नव्या पद्धतीच्या पत्त्याची लांबी ठरवताना १२८ बिटांपासून बदलत्या लांबीपर्यंत अनेक सूचना आल्या होत्या. विंट सर्फ यांनी ३२ बिटांवर निर्णय दिला. त्यांच्या दृष्टीने तो एक प्रयोग होता. सप्टेंबर १९८१ मध्ये ‘आरएफसी ७९१’ या दस्तऐवजात तो कायम झाला. त्या वेळी जाळ्यावर यंत्रे होती दोनशेच्या आसपास.

४/
दोनशे यंत्रे असताना सव्वाचारशे कोटींहून अधिक पत्त्यांची सोय करणे म्हणजे तत्कालीन गरजेच्या सुमारे दोन कोटी पट तजवीज करणे. शिवाय त्या काळी स्मृती महाग होती, तारा संथ होत्या आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता दोनदा लिहावा लागतो : पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. १२८ बिटांचे दोन पत्ते तेव्हा मजकुरापेक्षा लखोटाच जड करून गेले असते. माणसाला त्याच्या काळात जे दिसत होते त्यावरूनच तोलावे, हा इतिहासाचा साधा नियम इथेही लागू आहे.

५/
चूक झाली ती वाटपात. पत्त्यांचे तीन वर्ग पाडले गेले. ‘अ’ वर्गाच्या एका पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते, ‘ब’ वर्गात ६५,५३६ आणि ‘क’ वर्गात केवळ २५६. मधले माप नव्हते. हजारभर यंत्रे असलेल्या विद्यापीठाला ‘क’ अपुरा पडे, म्हणून ‘ब’ दिला जाई आणि त्यातले बहुतेक पत्ते पडीक राहत. आयबीएम, फोर्ड, जनरल इलेक्ट्रिक, एमआयटी अशांना तर संपूर्ण ‘अ’ पट्टे मिळाले. ना भाडे, ना करार. आपल्या परिभाषेत ही वतनेच होती. देताना जमीन अमाप वाटत होती.

६/
आता १ जानेवारी १९८३ हा दिवस लक्षात ठेवा. या दिवशी आर्पानेटवरील जुनी एनसीपी पद्धत बंद झाली आणि आजची टीसीपी/आयपी सुरू झाली. तयारी वर्षभर आधीपासून होती. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्येच आराखडा प्रसिद्ध केला होता. मधल्या काळासाठी दोन्ही पद्धती बोलणारी मध्यस्थ यंत्रे ठेवली गेली. १९८२ मध्ये जुनी पद्धत तात्पुरती बंद करून लोकांना इशाराही दिला गेला. स्थलांतर पार पडल्यावर ‘आम्ही यातून वाचलो’ अशा अर्थाचे बिल्ले छापले गेले. म्हणजे ते सुखाचे नव्हते, पण झाले.

७/
का झाले? यंत्रे काही शे होती, मालक एक होता आणि तारीख पक्की होती. आपल्याकडचे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. एका आण्याची किंमत सव्वासहा पैसे. जुळणी कधीच पुरती बसणारी नव्हती. जुनी नाणी काही काळ नव्यांसोबत फिरली, दुकानांत रूपांतराचे तक्ते लागले. भाषेत ‘सोळा आणे’ राहिले, पण व्यवहारातून आणे गेले. कारण नाणी पाडण्याचा आणि जुनी रद्द करण्याचा अधिकार एकाच सरकारकडे होता. इंटरनेटपाशी असा अधिकारी १९८३ मध्ये होता. दहा वर्षांनी तो उरला नव्हता.

८/
१९९२ पर्यंत जाळ्यावरील यंत्रे सुमारे १० लाखांवर गेली. ‘ब’ वर्गाचे पट्टे संपत आले आणि राउटरांतील मार्गांच्या याद्या फुगू लागल्या. त्या जूनमध्ये जपानमधील कोबे येथे इंटरनेटच्या शिल्पकारांच्या मंडळाने सीएलएनपी ही दुसऱ्या मानकसंस्थेची पद्धत आधार म्हणून घेण्याचा प्रस्ताव मांडला. अभियंते खवळले. जुलैत अमेरिकेतील केंब्रिजच्या सभेत वरून ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध जणू उठावच झाला. एमआयटीचे डेव्हिड क्लार्क यांनी तिथेच मांडले की राजे आणि मतदान नकोत. ढोबळ सहमती आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली हाच आधार.

९/
हा प्रसंग लोकशाहीचा विजय म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. पण त्याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. ज्या सभेने वरून हुकूम देण्याचा अधिकार नाकारला, तिने ‘अमुक तारखेला जुनी पद्धत बंद’ असे म्हणण्याचा अधिकारही गमावला. पुढची पद्धत उत्तम निघाली, तरी ती स्वीकारायला कोणालाच भाग पाडता येणार नव्हते. स्वातंत्र्याची ही किंमत होती आणि माझ्या मते ती योग्यच होती. मात्र ती किंमत आहे हे मान्य करून पुढची आखणी व्हायला हवी होती. ती झाली नाही.

१०/
स्पर्धक प्रस्तावांतून १९९४ मध्ये निवड झाली आणि डिसेंबर १९९५ मध्ये आयपीव्ही६ ची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली. (५ हा क्रमांक आधीच एका प्रायोगिक पद्धतीला गेला होता, म्हणून थेट ६.) पत्त्याची लांबी १२८ बिट, म्हणजे ३४० वर ३६ शून्ये एवढे पत्ते. निम्मे बिट जाळ्यासाठी, निम्मे यंत्रासाठी, अशी सर्वसाधारण वाटणी. घरातल्या एकाच छोट्या जाळ्यात जेवढे पत्ते मावतात, तेवढे संपूर्ण जुन्या इंटरनेटवर नव्हते.

११/
आता दुसरा आरोप : ‘जुन्याशी जुळते का ठेवले नाही?’ यात तथ्य कमी आहे. जुन्या पॅकेटात पत्त्यासाठी ३२ बिटांचाच रकाना आहे. जे यंत्र फक्त जुनी पद्धत जाणते, त्याच्याकडे लांब पत्ता लिहायला जागाच नाही. पत्र आले तरी उत्तर कोणत्या पत्त्यावर धाडणार? पत्ता ३३ बिटांचा केला असता तरी हीच अडचण आली असती. लांब पत्ता हवा असेल, तर मधे दुभाषी बसवणे अटळच होते.

१२/
पण टीकेचा एक भाग खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पत्ता लांब करताना रचनाकारांनी इतरही पुष्कळ बदलले. शेजारची यंत्रे शोधण्याची रीत बदलली, यंत्राने स्वतःचा पत्ता स्वतः ठरवण्याची सोय आली, मोठे पॅकेट वाटेत तोडण्याचा राउटरांचा अधिकार गेला. प्रत्येक बदलामागे कारण होते. परंतु जाळे चालवणाऱ्याला ही दुरुस्ती न वाटता नवी विद्या वाटली. थकलेल्या माणसापुढे एकाच वेळी दहा सुधारणा मांडल्या, की तो अकरावा मार्ग शोधतो. तो मार्ग तयारच होता.

१३/
त्या मार्गाचे नाव नॅट. १९९३ मध्ये वर्गांची ताठर मापे मोडून हव्या त्या आकाराचे पट्टे देण्याची सोय झाली आणि वाटपातली उधळपट्टी आटोक्यात आली. १९९४ मध्ये नॅटची कल्पना प्रसिद्ध झाली. मोठ्या वाड्याची कल्पना करा. आत वीस बिऱ्हाडे, पण बाहेरच्या जगाला पत्ता एकच. देवडीवर बसलेला कारकून कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे याची वही ठेवतो. आतले खोली क्रमांक गावातल्या प्रत्येक वाड्यात तेच असले तरी चालते. १९२.१६८ ने सुरू होणारा तुमच्या घरातला पत्ता म्हणजे असाच खोली क्रमांक.

१४/
नॅट का जिंकला आणि आयपीव्ही६ का रखडला, याचे मर्म इथे आहे. नॅट बसवणाऱ्याला इतर कोणाची परवानगी लागत नव्हती. खर्च त्याचा, लाभही त्याचा आणि तोही त्याच दिवशी. आयपीव्ही६ चे गणित उलटे. खर्च माझा आणि आजचा. लाभ मात्र दुसरे आल्यावर. मी नवी पद्धत घेतली म्हणून जुन्या पद्धतीवरचे एकही संकेतस्थळ सोडता येत नाही. असे व्यवहार केवळ सद्बुद्धीवर चालत नाहीत, हे अर्थशास्त्राला तेव्हाही ठाऊक होते.

१५/
स्थलांतराची मूळ योजना ‘दुहेरी’ होती. प्रत्येक यंत्राला दोन्ही पत्ते द्यायचे. सगळ्यांकडे दोन्ही आले की जुना काढायचा. ऐकायला सोपे, पण यात दोन मेखा आहेत. एक, प्रत्येक नव्या यंत्राला जुना पत्ताही लागत असल्याने शेवटच्या दिवसापर्यंत जुन्या पत्त्यांची टंचाई तसूभरही कमी होत नाही. दोन, राबता दुप्पट होतो. फायरवॉलचे नियम दोन, नोंदी दोन, बिघाडाच्या जागा दोन. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे सताड उघडे, अशी स्थिती दुहेरी जाळ्यांत होते. कारण नवी पद्धत यंत्रांत आपोआप चालू असते आणि व्यवस्थापकाच्या ध्यानीही नसते.

१६/
दुसरा प्रयत्न बोगद्यांचा. नवे पॅकेट जुन्याच्या पोटात घालून धाडायचे. २००१ च्या ‘६टू४’ या बोगद्याने इतके अडथळे आणले, की मोठी संकेतस्थळे नवा पत्ता जाहीर करायला कचरू लागली. २०१५ मध्ये त्याचा मुख्य प्रकार बाद ठरवण्यात आला. दरम्यान २०१२ मध्ये ब्राउझरांसाठी अशी रीत ठरली, की दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वेळी आजमावाव्यात आणि जी आधी लागेल ती धरावी. वापरकर्त्याची सोय झाली. पण नवी वाट मोडलेली असली, तरी आता कोणाच्या लक्षात येईना. उपचाराने दुखणे झाकले.

१७/
तिसरा प्रयत्न दुभाष्यांचा. आतले जाळे संपूर्ण नवे ठेवायचे आणि फक्त वेशीवर भाषांतर करायचे. नॅट६४ आणि डीएनएस६४ यांची मानके २०११ ची. यातही तडजोड आहे. जे ॲप संकेतस्थळाच्या नावाऐवजी जुना पत्ता थेट लिहून ठेवते, ते इथे मोडते. तसेच दुभाषी नावांची उत्तरे स्वतः घडवत असल्याने, उत्तरावरची सही तपासणारी सुरक्षा त्याच्याशी भांडते. २०१३ मध्ये फोनमध्येच छोटा दुभाषी बसवणारी ४६४एक्सलॅट ही जोड आली. १ जून २०१६ पासून ॲपलने आपल्या ॲप स्टोअरवरील ॲप निव्वळ आयपीव्ही६ जाळ्यावर चाललेच पाहिजे, अशी अट घातली. अट घालणारा कोणीतरी अखेर उभा राहिला. तो एक व्यापारी होता.

१८/
नव्या पद्धतीच्या उणिवा लपवणे मला मान्य नाही. जुन्या पॅकेटाचे शीर्ष किमान २० बाइटांचे, नव्याचे ४० चे. मोठ्या फायलीत हा फरक जाणवत नाही; आवाजाच्या बारीक पॅकेटांत जाणवतो. वाटेत पॅकेट तोडायचे नाही म्हटल्यावर ‘पॅकेट मोठे झाले’ हा निरोप पाठवणाऱ्याकडे परत यावाच लागतो. फायरवॉलने जुन्या सवयीने तो निरोप अडवला, की पान अर्धवट उघडून अडकून पडते. असा बिघाड शोधताना अनुभवी माणसाचाही दिवस जातो.

१९/
नॅटचा एक खरा गुणही आयपीव्ही६ चे कैवारी सहसा ऐकून घेत नाहीत. छोट्या कार्यालयाने इंटरनेट पुरवठादार बदलला, तर नॅटमुळे आतले पत्ते तसेच राहतात. नव्या पद्धतीत पत्ते बहुधा पुरवठादाराचे असतात; तो बदलला की घरभरचे पत्ते बदलतात. ‘नॅट म्हणजे सुरक्षा’ हे मात्र अर्धसत्य आहे. आगंतुकाला अडवण्याचे काम साधी फायरवॉलही तितकेच नीट करते. शिवाय २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या झेडमॅप साधनाने संपूर्ण जुने इंटरनेट पाऊण तासाच्या आत चाळता येते हे दाखवले. नव्या पद्धतीत एकच घरगुती जाळे असे सरसकट चाळणे अशक्यप्राय आहे.

२०/
मग एवढे सोसून बदलायचे तरी कशासाठी? कारण वाड्यातला कारकून आता गावाच्या वेशीवर जाऊन बसला आहे. पत्ते संपल्यावर पुरवठादारांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवली. २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा पट्टा राखून ठेवला गेला. आता एका घराच्या आगळिकीमुळे संकेतस्थळाने तो पत्ता रोखला, तर निरपराध घरेही रोखली जातात. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोलने जाहीरपणे म्हटले, की या सामायिक पत्त्यांमुळे गुन्हेगार शोधणे अवघड होते आणि तपासाच्या जाळ्यात संबंध नसलेले लोक येतात. ज्याचा पत्ता स्वतःचा नाही, त्याला संशयही वाटून घ्यावा लागतो.

२१/
दुसरी हानी सूक्ष्म आहे. मूळ रचनेत प्रत्येक यंत्र बोलावू शकत होते आणि बोलावले जाऊ शकत होते. समजा, तुमच्या आजोळी मोडी कागदांचे एक गाठोडे आहे. त्याची छायाचित्रे घरातल्याच एका जुन्या संगणकावर ठेवून जगभरच्या अभ्यासकांना दाखवावीत, असे तुम्हाला वाटले. सामायिक पत्त्यामागून हे सरळ जमत नाही. कारण बाहेरून आलेले टपाल कोणत्या बिऱ्हाडाचे, हे वहीत लिहिलेलेच नसते. मग तुम्ही कुठल्यातरी कंपनीची जागा भाड्याने घेता आणि तिच्या अटी पत्करता. आयपीव्ही६ ने हे आपोआप साधेल असे नाही. फायरवॉल हवी, अखंड वीज हवी. पण दार बसवायला निदान भिंतीत जागा तरी राहते.

२२/
तिसरी हानी पैशांची. वतनांचा बाजार मांडला गेला. स्टॅनफर्डने आपला ‘अ’ पट्टा २००० मध्ये परत केला होता. तसे पुन्हा फारसे घडले नाही. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरांना घेतले. २०१७ मध्ये एमआयटीने आपल्या पट्ट्यातील सुमारे ८० लाख पत्ते विकायला काढले. २०१९ मध्ये हौशी रेडिओचालकांच्या पट्ट्याचा चौथा हिस्सा ॲमेझॉनला १० कोटी डॉलरहून अधिक किमतीस गेला. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक जुन्या सार्वजनिक पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर आकारते. वर्षाचे झाले सुमारे ४४ डॉलर, निव्वळ एका क्रमांकाचे.

२३/
हे भाडे कोण भरतो? जो उशिरा आला तो. अमेरिकेकडे दीडशे कोटींहून अधिक जुने पत्ते आहेत. भारताकडे चार कोटींच्या आसपास. म्हणजे तिकडे माणशी चार-पाच पत्ते आणि इकडे साधारण पस्तीस माणसांत एक. हा कोणाच्या कटाचा परिणाम नव्हे. वाटप झाले तेव्हा आपण दारात नव्हतो, इतकेच. पण रांगेत उशिरा उभे राहिलेल्याने जन्मभर भाडे भरावे, हा न्याय नव्हे.

२४/
म्हणूनच भारताचे पुढचे पाऊल अभ्यासण्यासारखे आहे. दूरसंचार विभागाने आयपीव्ही६ चा राष्ट्रीय आराखडा जुलै २०१० मध्ये काढला, दुसरा २०१३ मध्ये. तरी २०१६ च्या आरंभी देशातला वापर किरकोळच होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची व्यावसायिक सेवा सुरू झाली. तिच्यापाशी २जी-३जी चा वारसा नव्हता. आवाजसुद्धा आयपीवरूनच जायचा. कोट्यवधी ग्राहकांना पुरतील एवढे जुने पत्ते बाजारात घेणे परवडणारे नव्हते, म्हणून नवी पद्धत आरंभापासून आली. आज भारत आयपीव्ही६ वापरात जगातील आघाडीच्या देशांत आहे आणि निम्म्याहून अधिक वापरकर्ते त्यावर आहेत. ज्याच्याकडे वतन नव्हते, त्यानेच नवी जमीन कसायला घेतली.

२५/
पण इथेही फुशारकी नको. हे यश मुख्यतः मोबाइलचे आहे. गूगलचा जागतिक आलेख पाहिला तर शनिवार-रविवारी आयपीव्ही६ चा वाटा वर चढतो आणि सोमवारी उतरतो. सुटीच्या दिवशी लोक घरच्या जाळ्यावर आणि मोबाइलवर असतात. कामाच्या दिवशी कार्यालयांच्या जाळ्यावर. आलेखातला हा साप्ताहिक झोका सांगतो, की कार्यालये मागे आहेत. ज्यांच्याकडे जुने पत्ते पुरेसे आहेत, त्यांना घाई नाही.

२६/
प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम म्हणणे असे : आज पत्त्याला महत्त्वच कुठे उरले? संकेतस्थळे नावाने ओळखली जातात, एका पत्त्यामागे हजारो संकेतस्थळे नांदतात, मजकूर जवळच्या साठ्यातून येतो. मग चालले आहे ते चालू द्यावे. हे वर्णन अचूक आहे. पण नीट पाहा, ते कोणाला चालते. ज्यांचे साठे जगभर पसरलेले आहेत, त्यांना पत्त्याची टंचाई हा किरकोळ खर्च आहे. उरलेल्यांनी त्यांच्या दारात उभे राहून आत घ्या म्हणायचे. ही व्यवस्था चालते, हे खरे. आणि ती काही मोजक्यांच्या मर्जीने चालते, हेही तितकेच खरे.

२७/
मग करावे काय? माझे मत तीन वाक्यांत. नवे जाळे उभारताना दुहेरी पद्धत कायमची पत्करू नये. आत निव्वळ नवी ठेवावी आणि वेशीवर दुभाषी बसवावा, म्हणजे दुप्पट राबता टळतो. सरकारी आणि शैक्षणिक सेवांचे दार दोन्ही पत्त्यांना उघडे असावे, कारण तिथे नागरिकाने कोणत्या वाटेने यावे हे त्याच्या हाती नसते. आणि ग्राहकाला सामायिक पत्ता दिला असेल, तर तसे त्याला स्पष्ट सांगावे. ज्या छोट्या कार्यालयात जुने छपाईयंत्र आणि जुने हजेरीयंत्र सुखाने चालते आहे, तिथे मात्र उगाच सक्ती नको. आतल्या खोल्यांना जुने क्रमांक राहिले, म्हणून गावाचे काही अडत नाही.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? १९८३ चे स्थलांतर झाले, कारण तारीख होती. १९५७ चे झाले, कारण अधिकार होता. आयपीव्ही६ पाशी यांपैकी काहीच नव्हते, म्हणून ते ज्याची गरज अनावर झाली त्याच्यापासून सुरू झाले आणि ज्याचे पोट भरलेले होते त्याच्यापाशी अडले. पुढे एखादी सुधारणा ‘आपोआप होईल’ असे कोणी म्हणाले, तर एकच विचारावे : पहिला खर्च कोणाचा आणि पहिला लाभ कोणाचा?

२९/
शेवटी एक छोटा स्वाध्याय. घरच्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १० ने, किंवा १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही वेशीवरच्या सामायिक वहीत आहात. सोबत अपूर्णविरामांनी तोडलेला, २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला, तर इंटरनेटवर तुमचे स्वतःचे दार आहे. ते उघडायचे की नाही, हे तुमच्या हाती. जे दिसेल ते खाली लिहा, मात्र पत्ता लिहू नका. फक्त कोणता प्रकार, एवढेच. धागा समाप्त.